बोन मॅरोसाठी समाजाचा कॅम्प लावायचा का? आधी आई-वडिलांचं टायपिंग करा

आधी एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात. भाचा ११ वर्षांचा, गाव सांगली जिल्ह्यात, अप्लास्टिक अॅनिमिया (हाडातला मॅरो रक्तपेशी नीट बनवत नाही) सांगितलाय. सख्खी बहीण एकच, ती हाफ मॅच निघाली, डॉक्टर म्हणाले बाहेरचा डोनर बघा. आई-वडिलांची तपासणी केलेली नाही, भाच्याचा रिपोर्ट सोबत पाठवलाय. मामांचं म्हणणं असं की समाजाच्या ग्रुपवर ९०० जण तयार आहेत, येत्या रविवारी मेळावा आहेच तर तिथेच कॅम्प लावू का, भाचा बी निगेटिव्ह आहे तर आधी तेवढेच लोक वेगळे काढू का, आणि आपल्याच जातीत मॅच मिळायचा चान्स जास्त असतो हे खरं आहे का. शेवटी एका ओळीत, जरा संकोचानेच, लिहिलंय की मामांच्या बहिणीचं, म्हणजे भाच्याच्या आईचं, लग्न आत्याच्या मुलाशी झालेलं आहे आणि "त्यामुळेच हे झालं" असं घरात सगळे बोलतात.

दादा, मी एचएलए टायपिंगच्या, म्हणजे डोनर आणि पेशंट जुळतात का ते तपासायच्या, लॅबमध्ये एकोणीस वर्षं काम करतेय, आणि खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ती शेवटची ओळ. त्यावर येतेच, पण आधी रक्तगटाचं डोक्यातून काढून टाका.

रक्तगट इथे जवळजवळ बघतच नाहीत. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये डोनर ए पॉझिटिव्ह आणि पेशंट बी निगेटिव्ह असला तरी चालतं, थोडी जास्त काळजी घ्यावी लागते एवढंच, आणि गंमत म्हणजे नंतर पेशंटचा रक्तगट बदलून डोनरचा होतो. आपल्याकडे रक्तगटाचं एवढं मनावर बसलंय त्याला कारणही आहे म्हणा, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला तो आपल्या मुंबईतच, आणि त्याचे मेसेज अजून दर महिन्याला फिरत असतात. पण ते वेगळं प्रकरण. तुम्ही बी निगेटिव्हवाले वेगळे काढलेत तर खरा जुळणारा माणूस त्या चाळणीतच बाहेर पडायचा.

बघायचं असतं ते एचएलए. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ही प्रथिनं असतात आणि त्यांचं काम म्हणजे पेशीच्या आत काय चाललंय त्याचे छोटे छोटे तुकडे बाहेर धरून दाखवणं. गस्तीवरच्या टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात, तुकडा बघतात, घरचा असला तर पुढे जातात, व्हायरसचा असला तर ती पेशी मारून टाकतात. आता कुठला तुकडा धरता येईल हे त्या प्रथिनाच्या खाचेच्या आकारावर ठरतं. माझ्या खाचेत एखाद्या व्हायरसचा तुकडा नीट बसतो, तुमच्या खाचेत दुसऱ्याचा बसतो. सगळ्या गावाची खाच एकसारखी असती तर एखादा असा रोग आला असता की त्याचा तुकडा कुणालाच धरता आला नसता आणि गाव साफ झालं असतं. म्हणून माणसाच्या अख्ख्या जीनोममध्ये सगळ्यात जास्त वेगवेगळे प्रकार याच जागी साठलेत, आतापर्यंत नोंदवलेले ४० हजारांच्या वर आहेत. रोगांशी लढायला ही विविधता वरदान आणि डोनर शोधायला निघालं की तीच डोकेदुखी.

हे जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर एकमेकांना चिकटून बसलेत. ए, बी, सी, मग डीआर, डीक्यू वगैरे. हे समजवायला मी लोकांना मिसळणाच्या डब्याचं उदाहरण देते. समजा डब्यात पाच-सहा वाट्या आहेत, मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, धणे. प्रत्येक माणसाकडे असे दोन डबे, एक आईकडून आलेला एक बापाकडून आलेला. मूल होतं तेव्हा तुम्ही त्याला सुट्ट्या वाट्या देत नाही, दोन्हीपैकी एक डबा आहे तसा अख्खा देता. (शंभरात एखाद दुसऱ्या वेळी वाट्यांची अदलाबदल होते, ते सोडून द्या.) या अख्ख्या डब्याला आम्ही हॅप्लोटाइप म्हणतो. आईचे दोन डबे, वडिलांचे दोन, म्हणजे मुलांमध्ये चारच जोड्या होऊ शकतात, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळायचा चान्स चारात एक. एकच बहीण असेल तर २५ टक्के, दोन भावंडं असतील तर ४४, तीन असतील तर ५८ च्या आसपास. आजीच्या काळात आठ-आठ भावंडं असायची तेव्हा हे ट्रान्सप्लांट नव्हतं आणि आता ट्रान्सप्लांट आहे तर घरात दोनच मुलं, नशिबाचा भाग. १९८३ साली टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं तेही नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या सख्ख्या भावाचं.

आता तुमच्या त्या ओळीकडे.

तुमच्या भाच्याचं आणि त्याच्या बहिणीचं टायपिंग झालं, आई-वडिलांचं झालंच नाही. का, तर "आई-वडील हाफच असतात, कशाला खर्च". हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि बहुतेक घरांत ते बरोबरच असतं, कारण मुलाकडे आईचा एकच डबा आलेला असतो आणि दुसरा बापाचा, त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. पण तुमच्या घरात भाच्याचे आई आणि वडील हे मामे-आते भावंडं आहेत! म्हणजे तुमचे वडील आणि तुमची आत्या सख्खे बहीणभाऊ, त्यांच्याकडे त्यांच्या आई-बापाचे डबे आलेले, आणि तोच एक डबा एकीकडे तुमच्या वडिलांकडून तुमच्या बहिणीला आणि दुसरीकडे आत्याकडून तुमच्या दाजींना आला असायची शक्यता चारात एक आहे.

तसं असेल तर काय होतं बघा. समजा सामाईक डबा "क" आहे. तुमच्या बहिणीकडे क आणि ख, दाजींकडे क आणि ग. भाच्याला आईकडून क आणि बापाकडून ग मिळाला असेल तर भाचा क-ग, म्हणजे हुबेहूब दाजींसारखा. आईकडून ख आणि बापाकडून क मिळाला असेल तर हुबेहूब आईसारखा. चारपैकी दोन शक्यतांमध्ये आई किंवा वडील कुणीतरी एक पूर्ण मॅच. चारात एक गुणिले दोनात एक म्हणजे आठात एक. ढोबळ आहे, पण आठात एक हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे पुस्तकातलं नाही हो. आमच्याकडे एक कुटुंब आलं होतं, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं, तीन भावंडांपैकी एकही जुळलं नव्हतं, आधीच्या ठिकाणी "डोनर नाही" म्हणून कागद दिलेला. आम्ही आई-वडिलांचं सँपल मागवलं तर वडीलच पूर्ण मॅच. त्यांना फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "म्हणजे मी? मी तर रोज त्याच्या शेजारीच बसलेलो असतो." आठ महिने देशभर शोध चालला होता त्या मुलासाठी.

तुम्ही स्वतः मामा म्हणून जुळायचा चान्स? साधारण बत्तिसात एक येतो हिशोब, म्हणजे तीन टक्के. साध्या घरातल्या मामाला जवळजवळ शून्य असतो. म्हणून क्रम असा लावा की आधी आई आणि वडील, त्यांच्या रिपोर्टवरून सामाईक डबा आहे का ते कळेल, असला तर तुम्ही, दाजींचे भाऊ-बहीण, आत्या, चुलत-मावस सगळ्यांचा हिशोब लॅबवाले कागदावर मांडून देतील की कुणाला बोलवायचं. नसला तर बाकीच्यांचे पैसे वाचले. सरसकट चाळीस पाव्हण्यांचं टायपिंग करत सुटू नका.

आणि "त्यामुळेच हे झालं का" याचं उत्तर मला देता येणार नाही, पण एक टेस्ट नक्की विचारा. नात्यात लग्न झालेल्या घरातल्या मुलाला या वयात अप्लास्टिक अॅनिमिया झाला तर आधी फॅन्कोनी अॅनिमिया नाही ना हे बघावं लागतं. तो दोन्हीकडून सदोष जीन आला की होतो, काही मुलांत बाहेरून वेगळं काहीच दिसत नाही, पण त्या मुलांना नेहमीची केमो झेपत नाही, डोस खूप कमी करावा लागतो. त्यासाठी क्रोमोसोम ब्रेकेज नावाची टेस्ट असते. झाली असेल तर उत्तमच, फाईलमध्ये बघा. नसेल तर डोनर शोधायच्या आधी ती. आणि ती पॉझिटिव्ह आली तर भाच्याच्या बहिणीचीही करायची, कारण तिच्यात तोच आजार लपलेला असेल तर तिला डोनर करता येत नाही. घरातल्या बायकांना मात्र कृपा करून बोल लावू नका, आपल्याकडे मामाची मुलगी करणं पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि गंमत बघा, ज्या सोयरिकीला आज घरात दोष देताय तीच कदाचित डोनर मिळवून देईल.

आता जातीचा प्रश्न. हो आणि नाही.

खरं काय आहे ते सांगते. भारतात साधारण दोन ते चार हजार वर्षांपूर्वी वेगवेगळे लोक एकमेकांत चांगले मिसळत होते हे जीनोमच्या अभ्यासातून दिसतं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने परदेशी शास्त्रज्ञांबरोबर हे काम केलंय, आणि मग ते मिसळणं बंद झालं, लग्नं आपापल्या गटात व्हायला लागली. नोंदवलेले समाजच साडेचार हजारांवर आहेत देशात. प्रत्येक गट म्हणजे डब्यांचा एक वेगळा साठा, तेच डबे आत फिरत राहतात, काही खूप कॉमन होतात, काही जवळजवळ गायब होतात. म्हणून सवा-दीडशे कोटींचा देश असून आपण आतून हजारो छोट्या तळ्यांसारखे आहोत. अमेरिकेतल्या रजिस्ट्रीचा (तयार डोनरच्या नोंदयादीचा) २०१४ साली हिशोब छापून आला होता, त्यात युरोपीय गोऱ्या पेशंटला पूर्ण मॅच मिळायची शक्यता ७५ टक्के, दक्षिण आशियाई वंशाच्या पेशंटला साधारण तिसरा हिस्सा, कृष्णवर्णीय अमेरिकनांना २० टक्क्यांच्याही खाली. जगात मिळून ४ कोटींच्या वर डोनर नोंदलेत, त्यात भारतातले काही लाख फक्त. जर्मनीसारख्या आपल्यापेक्षा कितीतरी छोट्या देशात ते जवळपास कोटीच्या घरात आहेत.

आणि आपले डबे त्यांच्याकडे सापडत नाहीत याचं एक उदाहरण देते, माझं आवडतं. युरोपात सगळ्यात प्रसिद्ध डबा म्हणजे ए १, बी ८, डीआर ३ (आकडा म्हणजे त्या वाटीचा प्रकार). आपल्याकडे बी ८ आणि डीआर ३ एकत्र सापडतात पण त्यांच्याबरोबर ए १ च्या जागी बऱ्याचदा ए २६ असतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नरिंदर मेहरांच्या टीमने दाखवलं की तो डबा आतूनही वेगळाच आहे, नुसती एक वाटी बदललेली नाही. तसंच ए २ चं. गोऱ्या लोकांत ए २ म्हटलं की बहुतेक ०२:०१ हाच पोटप्रकार असतो, आपल्याकडे त्यात ०२:११, ०२:०६, ०२:०३ अशी बरीच मंडळी निघतात. म्हणून तुमच्या भाच्याच्या रिपोर्टवर जे "लो रेझोल्युशन" लिहिलंय ते मला खटकतंय. लो रेझोल्युशनमध्ये नुसतं ए २ येतं, म्हणजे आडनाव कळलं, नाव कळलं नाही. बाहेरचा डोनर बघायचा असेल तर हाय रेझोल्युशनच लागतं, नाहीतर कागदावर मॅच आणि प्रत्यक्षात मिसमॅच.

आता "नाही" वाला भाग. जात म्हणजे एचएलए नाही, एचएलए जातो सोयरिकीच्या वाटेने. एकाच नावाच्या समाजातले विदर्भातले लोक आणि तुमच्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातले लोक यांच्यात किती पिढ्यांत सोयरीक झालीय सांगा? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्येच महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली होती आणि एका नावाखाली, एकाच पातळीवर बसवलेले हे गट शरीराने एकसारखे नाहीत हे दाखवलं होतं. मल्होत्रांनी नंतर धनगरांमधल्या पोटजातींवरही असंच काम केलं. परळला केईएमच्या आवारात जी इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे तिथे महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या समाजांचं एचएलए टायपिंग झालंय, त्यातही एका समाजात कॉमन असलेला डबा दुसरीकडे तुरळक असं दिसतं. म्हणजे राज्यभरच्या मेळाव्यापेक्षा तुमच्या तालुक्याची आणि शेजारच्या दोन-तीन तालुक्यांची पंचक्रोशी, जिथे तुमचं जाणं-येणं, देणं-घेणं आहे, ती या कामाला जास्त उपयोगी, मग भले त्यात माणसं कमी असोत.

उलट बाजूने, शेजारच्या दुसऱ्या जातीतही तोच डबा सापडू शकतो, कारण लग्नं लागली नाहीत म्हणजे पोरं झाली नाहीत असं इतिहासात कधीच नव्हतं. आमच्याकडे एका पेशंटला मॅच आला तो पार वेगळ्या राज्यातल्या वेगळ्याच समाजातला. नातेवाइकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? हो, तोच. मी फोन ठेवून दिला.

आता ९०० जणांचा हिशोब करू. ९०० माणसं म्हणजे १८०० डबे. समजा भाच्याचे दोन्ही डबे तुमच्या समाजात बऱ्यापैकी कॉमन आहेत, शंभर डब्यांत एक एक. तर ते दोन्ही एकाच माणसाकडे असायची शक्यता २ गुणिले शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे ५ हजारांत एक माणूस. ९०० जणांत असा एकतरी सापडायचा चान्स साधारण सहात एक. वाईट नाही. पण हे दोन्ही डबे कॉमन धरले तर. एक डबा शंभरात एक आणि दुसरा हजारात एक असेल तर ५० हजारांत एक माणूस, तुमच्या ९०० त चान्स दोन टक्क्यांच्याही आत. दोन्ही हजारात एक असतील तर ५ लाखांत एक माणूस, म्हणजे विसरा. आणि आपल्याकडे दुर्मिळ डबेच फार असतात. हे आकडे मी समजवायला घेतलेत, भाच्याचे खरे डबे कुठले ते आई-वडिलांच्या टायपिंगशिवाय कळणारच नाहीत, कारण नुसत्या मुलाच्या रिपोर्टमध्ये सगळ्या वाट्या एकत्र ओतलेल्या दिसतात, कुठली कुठल्या डब्यातली ते दिसत नाही. आणि शेजारी तो आठात एकवाला आकडा ठेवा. दोन माणसांच्या टायपिंगमध्ये आठात एक, आणि ९०० माणसांच्या टायपिंगमध्ये चांगल्यात चांगलं सहात एक, खरं बघता बहुधा दोन टक्के. आधी कशावर खर्च करायचा ते तुम्हीच सांगा.

मग कॅम्प घेऊच नये का? घ्या! पण भाच्यासाठी घेतोय असं स्टेजवरून सांगू नका, कारण मॅच निघाला नाही की लोक म्हणतात "उगाच घेतलं रक्त" आणि सहा महिन्यांनी खरंच दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी फोन आला की उचलत नाहीत. आमच्या कामातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. मॅच सापडतो, हाय रेझोल्युशन जुळतं, तारीख ठरते आणि डोनरच्या घरातनं नकार. एका पोराला मी स्वतः भेटायला गेले होते, तो तयार होता, आजी तयार नव्हती, म्हणाली पाठीच्या कण्यातनं काढणार, पोरगं लुळं पडेल. दोष तिचा नाही, आपल्या भाषेचा आहे थोडा. अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीकडे मज्जा. कण्याचा इथे काडीचा संबंध नाही. हल्ली बहुतेक वेळा हाडाला सुईसुद्धा लावत नाहीत, पाच दिवस एक इंजेक्शन देतात, अंग दुखतं तापासारखं, मग प्लेटलेट देतात तसं मशीनवर चार-पाच तास झोपायचं, एका हातातून रक्त जातं, स्टेमसेल काढून घेतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. कॅम्पमध्ये तर नुसती गालाच्या आतून काडी फिरवतात. मेळाव्यात दहा मिनिटं मिळाली तर हे सांगायला वापरा, आणि ते आजीलोकांना समोर बसवून सांगा, कारण शेवटी घरात मत त्यांचंच चालतं.

रजिस्ट्रीशी बोलूनच कॅम्प घ्या, स्वतःच्या खिशातून ९०० टायपिंग करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. चेन्नईची दात्री, बंगळुरूची डीकेएमएस, अशा दोन-चार संस्था आहेत, त्या येऊन कॅम्प घेतात. वयाची अट असते, साधारण अठरा ते पन्नास, त्यामुळे पोरं-पोरी आणा, मेळाव्यातल्या पुढच्या रांगेतले काका तिथे उपयोगाचे नाहीत. आणि जे भाऊबंद न्यू जर्सी, लंडनला आहेत ते विचारतात आम्ही काय करू, तर अमेरिका-इंग्लंडवाल्यांनी तिथल्याच रजिस्ट्रीत नाव घालावं, शोध जगभरच्या यादीत एकत्रच होतो, सांगलीच्या पोराला न्यू जर्सीतला डोनर चालतो. उलट तिथल्या याद्यांत आपले लोक इतके कमी आहेत की त्यांचं एक एक नाव मोलाचं.

एक गोष्ट इथे कुणीतरी बोलणारच म्हणून आधीच बोलते. "बघा, म्हणून जातीबाहेर लग्न करू नये, मॅच मिळत नाही." असला निष्कर्ष काढू नका प्लीज. सख्ख्या भावंडाचा चारात एक हा चान्स आई-बाप कुठल्याही जातीचे असोत तेवढाच राहतो. आणि पिढ्यानपिढ्या आतल्या आत लग्नं केली की थॅलेसीमिया, सिकलसेल, फॅन्कोनी असले दोन्हीकडून लागणारे आजार त्या गटात साठत जातात, उल्हासनगरच्या सिंधी घरांना विचारा किंवा नंदुरबार-गडचिरोलीकडे विचारा. डोनर सोपा मिळावा म्हणून आजार ओढवून घ्यायचा, हा कुठला हिशोब.

एचएलएचं हे ज्ञान फक्त ट्रान्सप्लांटला लागत नाही, एक उपयोगाचं सांगून ठेवते. फिट येण्यावर आणि चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन नावाची गोळी सर्रास देतात. ज्यांच्याकडे बी १५:०२ हा प्रकार आहे त्यांच्यापैकी काहींना त्या गोळीने अंगावरची कातडी सोलून निघेल अशी भयंकर रिअॅक्शन येते. हे आधी तैवानमध्ये २००४ साली सापडलं, नंतर २००९ मध्ये गुजरातेतल्या एका छोट्या अभ्यासात अशी रिअॅक्शन आलेल्या ८ पेशंटपैकी ६ जणांत हाच प्रकार निघाला. युरोपातल्या लोकांत तो जवळजवळ नसतोच, म्हणून तिकडच्या अभ्यासावर विसंबून राहिलो असतो तर हे आपल्याला कळलंच नसतं. युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल गोळी आणि बी ५८:०१, तसलंच. आणि कंबर आखडणाऱ्या पोरांना डॉक्टर जी बी २७ ची टेस्ट लिहून देतात ती याच जागेवरची. रिपोर्ट फेकू नका एवढंच म्हणणं, भाच्याचा आणि ज्यांचं ज्यांचं टायपिंग होईल त्यांचा कागद फाईलला लावून ठेवा.

आता समजा आई-वडीलही नाही जुळले, रजिस्ट्रीतही नाही. तरी रस्ता बंद होत नाही. त्याची बहीण हाफ मॅच आहे ना, हाफ मॅचवर म्हणजे हॅप्लो ट्रान्सप्लांट हल्ली आपल्याकडे भरपूर होतात, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन डोनरच्या चिडलेल्या टी पेशी मारायची युक्ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी बसवली आणि तिथून चित्रच बदललं. अप्लास्टिकमध्ये एटीजी आणि सायक्लोस्पोरिनचा औषधांचा मार्गही असतो. कुठला आधी ते तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट ठरवतील, मी लॅबवाली आहे, त्यात नाक खुपसत नाही.

पण हॅप्लो करायची वेळ येऊ शकते म्हणूनच एक कळकळीचं. भाच्याला रक्त किंवा प्लेटलेट लागल्या की घरातले लोक धावतात, मामा देतो, काका देतो, बाप देतो. हे ताबडतोब थांबवा. जो उद्या डोनर होऊ शकतो त्याचं रक्त आज चढवलं तर भाच्याच्या शरीरात त्याच माणसाच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि मग त्याचा मॅरो तिथे टिकत नाही. नातेवाइकांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावं, बदल्यात बाहेरच्याचं घ्यावं, आणि पिशवी ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली) आणि इरॅडिएट (किरणं दिलेली) केलेली आहे का ते प्रत्येक वेळी विचारावं. नर्स कंटाळली तरी विचारावं. आतापर्यंत किती पिशव्या चढल्या आणि त्यातल्या घरातल्यांच्या किती याची यादी भाच्याच्या आईकडून आजच लिहून घ्या, ट्रान्सप्लांटवाले हे विचारतातच आणि तेव्हा कुणाला आठवत नाही.

सँपलचं म्हणाल तर आई-वडिलांचं जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये साधं रक्त, उपाशीपोटी वगैरे काही लागत नाही. भाच्याचं हाय रेझोल्युशन परत करायचं आहे, पण त्याला नुकतंच रक्त चढलं असेल आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर लॅबला तसं सांगून गालाच्या काडीचं सँपल द्या, तेही जेवून लगेच नाही, चूळ भरून अर्ध्या तासाने. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात नुसतं "फादर" "मदर" लिहून सोडू नका, शेजारी पेनाने लिहा की आई-वडील मामे-आते भावंडं आहेत. बऱ्याच फॉर्मवर त्यासाठी जागाच नसते.